पेंड गांवांत राहो

ज्याच्या शेतांत भुईमूग व करडई पिकते, तोच शेतकरी गुरांसाठीं पेंड आणि ट्रॅक्टरसाठीं डिझेल विकत घेतो. भुईमुगाच्या दाण्यांत तेलाचा अंश शंभरांत ४५ ते ५० असतो. उरलेला निम्मा भाग पेंड होऊन गोठ्याकडे परत येतो खरा, परंतु हमाली, दलाली व मोटारभाडें अंगावर घेऊन येतो. हा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगावयास नको.

ह्यावर शेतकऱ्यानें स्वतःच तेल गाळून तें इंजिनांत जाळावें व पेंड गुरांस घालावी, असा उपाय सुचविला जातो. कल्पना पोरकट नव्हे. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत डिझेलच्या पद्धतीचें एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चाललें होतें. परंतु आजच्या नाजूक इंजिनास असें दाट तेल सोसत नाहीं. फवारणीचीं छिद्रें चोंदतात. मेथेनॉल व कॉस्टिक सोडा घालून त्याचें बायोडिझेल करतां येतें. पण मेथेनॉलसारखा विषारी व भडका घेणारा पदार्थ गोठ्याशेजारीं ठेवा, असें आम्ही तरी कोणास सांगणार नाहीं. शिवाय जो देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यानें गोडें तेल ट्रॅक्टरांत ओतावें ही निव्वळ उधळपट्टी होय. जाळावयाचेंच तर तळणीचें वापरलेलें तेल आहे. (तें पुन्हां कढईंत घालणारे हॉटेलवाले हें वाचतील, अशी आशा आहे.)

२००३ सालीं नियोजन आयोगाच्या समितीनें इंधनासाठीं मोगली एरंडाची मोठी शिफारस केली. त्याची पेंड विषारी! जी पेंड गाईपुढें ठेवतां येत नाहीं, तिच्या जिवावर शेतकऱ्याचा हिशेब जमावा कसा?

खरा लाभ पेंडींतच आहे. भुईमुगाच्या पेंडींत प्रथिनें शंभरांत चाळिसांच्या आसपास असतात, आणि घाण्याच्या पेंडींत थोडें तेलही राहतें. मात्र ती कोरडी ठेविली पाहिजे. १९६० सालीं इंग्लंडांत बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीनें एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. तेंच विष गाईच्या दुधांतही उतरतें.

१९३४ सालीं वर्ध्यास स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानें मगनवाडींत बैलघाणा सुधारून दाखविला होता. आज वीज गांवोगांव आहे. उणीव आहे ती भांडवलाची. तें आमच्या पेठेंतील व्यापाऱ्यांनीं गांवच्या सहकारी घाण्यांत घालावें, रास्त व्याज घ्यावें, आणि पोत्यामागें किती तेल व किती पेंड परत मिळेल हें घाण्याच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावें.