नरकात स्नानाची सोय

जपानच्या सहलीचं कच्चं वेळापत्रक एका टूर कंपनीकडून गेल्या आठवड्यात सदरकाराच्या फोनवर येऊन पडलं. त्यात बेप्पूच्या खाली लिहिलं होतं : 'सकाळी उमी जिगोकू येथे गरम पाण्याच्या कुंडात स्नानाचा आनंद. पोहण्याचे कपडे सोबत ठेवावेत.' उमी जिगोकू म्हणजे समुद्र-नरक. त्या निळ्याशार तळ्याचं पाणी ९८ अंशांच्या आसपास असतं आणि त्यात टोपलीतून अंडी उकडायला सोडतात. तिथे पोहण्याचे कपडे कशाला, हे विचारायला सदरकाराने फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, टॉवेल तिथे मिळून जाईल."

नेमाने हे सदर वाचणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. कुठलंही वेळापत्रक हातात आलं की त्यातली चूक काढल्याशिवाय सदरकाराच्या घशाखाली घास उतरत नाही. महाबळेश्वरच्या 'सूर्योदय दर्शन, सकाळी ९.३०' या प्रकरणावर तर याच जागी सविस्तर लिहून झालं आहे.

तर बेप्पू. क्युशू बेटावर, ओइता प्रांतात, समुद्राकाठचं गाव. गरम पाण्याचे दोन हजारांवर झरे. जपानातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात इतके नाहीत. त्यांतले सात 'नरक' तिकीट काढून बघायचे, उतरायचे नाहीत. एकाचं पाणी तांबडंलाल आहे, तर एकाच्या उबेवर १९२३ पासून मगरी पाळल्या आहेत. आंघोळीसाठी टेकडीवर सुगिनोईसारखं अवाढव्य हॉटेल आहे, गल्लीबोळांतली साधी न्हाणीघरं आहेत, शिवाय १८७९ सालापासूनचं ताकेगावारा आहे. आता नियम. बायका आणि पुरुष वेगळे. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, मगच कुंडात. हातातला छोटा पंचा पाण्याला लागू द्यायचा नाही, फार तर डोक्यावर ठेवायचा. आणि कुंडात उतरताना अंगावर सूतही ठेवायचं नाही.

हे शेवटचं कलम घरात वाचून दाखवायचं कसं, हा प्रश्न होता. सहलीला सदरकाराच्या सौभाग्यवतींची आत्या आणि आतोबा येणार आहेत. खरं तर सगळा घाटच आत्याचा. तिचा नातू फुकुओकाला नोकरीला आहे. वज्रेश्वरीच्या कुंडात नऊवारीसकट उतरलेली ही बाई. सदरकाराने शब्द जुळवत जुळवत सांगितलं. आत्या म्हणाली, "बायकाबायकांतच ना? मग काय झालं? आमच्या लहानपणी नदीवर काय न्हाणीघरं होती?" विषय संपला.

संपला असता. पण आत्या बोलता बोलता हात पुढे करून चहा घेत होती, आणि सदरकाराची नजर त्या हातावर गेली.

मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. मध्ये तुळशीवृंदावन, दोन्ही बाजूंना ठिपक्यांच्या ओळी, खाली जरा वाकड्या अक्षरांत आतोबांचं नाव. रंग आता हिरवट पडलेला, कातडीच्या सुरकुत्यांबरोबर वृंदावनाचा एक कोपरा कललेला. गावात आलेल्या गोंदणारणीने लग्नानंतर काढून दिलेलं.

जपानातल्या पुष्कळ न्हाणीघरांत गोंदण असलेल्याला प्रवेश नाही. तिथे गोंदवलेलं अंग म्हटलं की याकुझा, म्हणजे संघटित गुन्हेगारांच्या टोळ्या, आठवतात. सरकारने १८७२ मध्ये गोंदवण्यावरच बंदी आणली होती, ती उठली १९४८ मध्ये. लोकांच्या मनातली अढी मात्र बंदीबरोबर उठली नाही. २०१३ मध्ये होक्काइदोतल्या एका न्हाणीघराने न्यूझीलंडहून आलेल्या माओरी बाईंना तोंडावरच्या पारंपरिक गोंदणामुळे परत पाठवलं. त्या आदिवासी भाषांच्या परिषदेसाठी आल्या होत्या. २०१९ चा रग्बी विश्वचषक जपानात भरला तेव्हा तर धिप्पाड खेळाडूंनाही सार्वजनिक तलावांत गोंदण झाकून जाण्याची सूचना होती.

म्हणजे दरवाजावरच्या माणसाच्या हिशेबात आमची आत्या, जिने आजवर भाजीवालीला दोन रुपये कमी दिले नाहीत, ती आणि टोळीचा म्होरक्या एकाच रांगेत.

यावर उपाय नाहीत असं नाही. पुष्कळ ठिकाणी कुटुंबापुरतं वेगळं कुंड तासावर भाड्याने मिळतं. सुगिनोईत पोहण्याचे कपडे घालून सगळ्यांनी मिळून उतरायचा एक भाग आहे, पण गोंदणाबद्दल तिथेही आधी विचारलेलं बरं. काही न्हाणीघरं कातडीच्या रंगाची चिकटपट्टी चालवून घेतात. ही पट्टी तळहाताएवढी असते. वृंदावन झाकायचं तर तीनचार लागतील. सदरकाराने भीतभीत पट्टीचा विषय काढला.

"पट्टी? यांच्या नावावर?" आत्याने विचारलं. आतोबा पेपर वाचत होते, त्यांनी तो जरा वर धरला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आत्याने नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलेलं नाही. उखाण्यातसुद्धा ती देवाच्या नावावर वेळ मारून नेते. पासपोर्ट काढताना खिडकीतल्या मुलाने पतीचं नाव विचारलं, तेव्हा तिने बाही वर करून हात काचेपाशी धरला. मुलाने वाचलं, पुढ्यातल्या अर्जाशी ताडून पाहिलं आणि अर्ज पुढे सरकवला. भारत सरकारला जे चाललं ते बेप्पूच्या न्हाणीघराला का चालू नये, असा तिचा सवाल. शिवाय मेल्यावर दागिने, लुगडी सगळं इथेच राहतं, बरोबर येतं ते फक्त गोंदण, असं तिच्या आईने तिला सांगितलेलं. नरकाच्या दारात दाखवायला जे काढून घेतलं, तेच नरकाच्या दारात झाकायचं म्हणजे काय!

टूर कंपनीला हे कळवल्यावर उत्तर आलं, की 'सीनियर सिटिझन मॅडमसाठी व्हीलचेअरची सोय होऊ शकेल.'

शेवटी तोडगा आत्यानेच काढला. बेप्पूच्या कन्नावा भागात जमिनीतून येणाऱ्या वाफेवर स्वयंपाक करतात. तिथल्या एका जागी वाफेची भट्टी आणि टोपल्या वेळेच्या हिशेबाने भाड्याने मिळतात. रताळी, कोबी, अंडी, मासे ठेवायचे आणि झाकण लावायचं. आपलं सामान आणलं तरी चालतं. नातवाने याचा व्हिडिओ पाठवला. आत्याने तो चष्मा लावून दोनदा पाहिला आणि विचारलं, "वाफ सारखी एकसारखी येते ना? मग मोदक होतील."

तेव्हापासून घरात आंघोळीचा विषय बंद आहे. चर्चा चालू आहे ती आंबेमोहोराची पिठी इथून न्यायची की नातवाला तिथे तांदळाचं पीठ शोधायला सांगायचं, नारळ खवलेला न्यायचा की सारणच करून न्यायचं, आणि तिथल्या टोपलीला केळीच्या पानाऐवजी कोबीचं पान चालेल का. पिठी विमानातून नेता येते का हे विचारायचं काम सदरकाराकडे आहे. आतोबांचं म्हणणं, एवढा खर्च करून मोदकच खायचे असतील तर ते घरी बसून खातील. त्यांचं तिकीट काढून झालं आहे.