डायनासोर व्हावयाचें, तर कोणता?

हल्लीं मधल्या सुटींत आमच्या शाळेच्या आवारांत एक चमत्कारिक प्रश्नोत्तर कानीं पडतें. "तूं सध्यां कोण आहेस?" असें एक विद्यार्थी दुसऱ्यास विचारतो, आणि दुसरा मोठ्या गांभीर्यानें "कार्नोटॉरस" किंवा "स्टेगोसॉरस" असें उत्तर देतो. ज्या पालकांस या संभाषणाचा उलगडा होत नाहीं, त्यांच्यासाठीं आरंभीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे.

कोट्यवधि वर्षांपूर्वीं पृथ्वीवरून नाहींशा झालेल्या प्राण्यांपैकीं एकाचें रूप घेऊन अरण्यांत राहावयाचें, अशा प्रकारचे कांहीं खेळ संगणकावर निघाले आहेत. 'द आइल' नांवाचा खेळ सन २०१५ मध्यें लोकांच्या हातीं आला. 'पाथ ऑफ टायटन्स' हा ऑस्ट्रेलियांतील एका कंपनीचा खेळ मोबाइलवरही चालतो; म्हणून ज्या घरीं संगणक नाहीं त्या घरींही तो शिरला आहे. या खेळांत बंदूक नाहीं, राज्य जिंकावयाचें नाहीं, आणि "आतां तूं जिंकलास" असें सांगणारा शेवटही नाहीं. खेळाडूनें प्रथम एक प्राणी निवडावा, त्याचें लहानसें पिल्लूं होऊन अरण्यांत यावें, खावें, प्यावें, लपावें, वाढावें, आणि शक्य तितके दिवस जगावें, एवढेंच काय तें. मात्र भोंवतालीं जे दुसरे डायनासोर हिंडत असतात, त्यांच्या आंत तुमच्याआमच्यासारखीं माणसेंच असतात. कोणी पुण्याचा, तर कोणी पोलंडचा.

हे खेळ रक्तपाताचे आहेत, सबब ते घरांतून हद्दपार करावे, असें कित्येक पालकांचें म्हणणें आम्हांस ठाऊक आहे. या मताशीं आम्हांस सहमत होतां येत नाहीं. सिंह हरणास खातो हें प्राणिशास्त्राच्या तासास आम्हीच शिकवितों, आणि उत्पत्तीच्या कर्त्यानें सिंहासही भूक दिली आहे हें शब्बाथ शाळेंत नाकारीत नाहीं. आमचा आक्षेप असलाच तर तो मारण्यावर नाहीं. प्राणी निवडण्याच्या रीतीवर आहे. आणि ही निवड वाटते तितकी क्षुल्लक नाहीं.

बहुतेक मुलांचें बोट प्रथम टायरॅनोसॉरसकडेच जातें. यांत नवल नाहीं. सन १९०५ मध्यें हेन्री ऑस्बॉर्न या अमेरिकन पंडितानें त्याचें नामकरण केलें, तेव्हांच जुलूम, सरडा आणि राजा हे तिन्ही शब्द त्या एका नांवांत घालून ठेवले. चौदा वर्षांच्या मुलास आणखी काय पाहिजे? परंतु राजास पाहून निवड करणारा मुलगा एक गोष्ट विसरतो. खेळाच्या आरंभीं हातीं येतें तें राजाचें पिल्लूं. आणि प्राणी जितका मोठा, तितकी त्याची वाढ मंद. इतर कांहीं प्राणी थोड्या वेळांत हातीं लागण्याजोगे होतात. या राजास मात्र तासांमागून तास द्यावे लागतात. तोंपर्यंत तो कोणाचेंही भक्ष्य आहे. शिवाय 'द आइल'मध्यें प्राणी मेला कीं सर्व संपलें, पुन्हां पिल्लापासून आरंभ. तेव्हां निवडीची खरी किंमत पैशांत नसून तासांत भरावयाची असते, आणि ती किती आहे हें निवडतांना कोणी विचारीत नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्या नववींतील एका हुशार मुलानें ही किंमत भरलेली आम्हीं पाहिली. सहामाही परीक्षा आठ दिवसांवर आली असतां त्यानें एक टायरॅनोसॉरस अर्धाअधिक वाढविला होता. रविवारीं तो उपासनेस आला नाहीं. सोमवारीं बीजगणिताच्या तासास त्यास झोंप अनावर झाली. त्याची आई आम्हांस भेटावयास आली, तेव्हां तिनें सांगितलें कीं, आदल्या रात्रीं तीन वेळां हांक मारूनही तो जेवावयास उठला नाहीं; शेवटीं तिनें ताट त्याच्या मेजावर नेऊन ठेवलें, तें सकाळीं तसेंच होतें. आम्हीं मुलास एकीकडे घेऊन विचारलें. तो म्हणाला, "सर, तो भुकेला होता. त्याला भुकेला टाकून कसा उठूं?"

या उत्तरावर रागावणें आम्हांस जमलें नाहीं. त्या मुलाच्या ठायीं कर्तव्यबुद्धि नव्हती असें कोण म्हणेल? ती होती, आणि पुरेपूर होती. फक्त ती नको तेथें गुंतून पडली होती. पुढें चार दिवसांनीं पाण्याच्या कांठीं शिकारी डायनासोरांच्या एका टोळीनें त्याच्या प्राण्यास घेरून मारलें. मुलगा रडला, व एक दिवस शाळेंत आला नाहीं. याहून वाईट गोष्ट नंतर उघडकीस आली. त्या टोळींत त्याच्याच वर्गांतील दोघे होते. आपण कोणास मारीत आहों हें त्यांस ठाऊक नव्हतें. मधल्या सुटींत ते फुशारकीनें त्या शिकारीचें वर्णन करूं लागले, तेव्हां याला जागा ओळखीची वाटली. पहिलीपासूनचे हे तीन मित्र त्यानंतर पुष्कळ दिवस एकमेकांशीं बोलत नव्हते.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, नवशिक्यानें असा प्राणी निवडावा, कीं आईनें जेवावयास हांक मारली असतां त्यास सोडून उठतां येईल. हा प्राणी मेला तर माझें काय जाईल, हें खेळाडूनें आधींच स्वतःशीं बोलून घ्यावें. ड्रायोसॉरस हा अशांपैकीं एक. तो लहान आहे, चपळ आहे, हरणासारखा हुलकावणी देऊन निसटतो, आणि गवतपाल्यावर जगतो. तो मेला तर थोडा वेळ गेला, इतकेंच. ज्यास हरवावयाचें फारसें नाहीं तो भोंवतीं पाहूं शकतो. ज्याच्या डोक्यावर दहा तासांचें ओझें आहे तो केवळ मागें पाहत बसतो. आमच्या मुलांपैकीं ज्यांनीं लहान प्राणी घेतले, त्यांनाच त्या अरण्यांतील पाणवठे, झुडपें, वारा, निरनिराळे आवाज यांची माहिती अधिक असल्याचें आम्हांस आढळलें आहे. राजांना वाटेवरचें कांहींच ठाऊक नसतें. (हें केवळ डायनासोरांविषयींच खरें आहे असें नाहीं, पण तो विषय निराळा.)

ज्याचा हात बसला आहे त्यानें कळपानें राहणारा प्राणी घ्यावा. आमची विशेष शिफारस मायासौरा या प्राण्याची आहे. या नांवाचा अर्थच 'चांगली आई' असा आहे. अमेरिकेंतील माँटाना प्रांतांत त्याचीं घरटीं पिल्लांसह सांपडलीं, आणि जॅक हॉर्नर व रॉबर्ट मॅकेला या दोघांनीं सन १९७९ मध्यें त्यास हें नांव दिलें. पिल्लें अद्याप घरट्यांत असूनही त्यांचे दांत झिजलेले होते. त्यावरून आईबाप त्यांस चारा आणून घालीत असावेत, असें अनुमान निघालें. पुढें सन २०१५ मध्यें या प्राण्याच्या ५० नडग्या कापून, हाडांतील वर्षवलयें मोजून, कांहीं संशोधकांनीं त्याचें आयुष्यमान काढलें. जन्मलेल्या शंभर पिल्लांपैकीं सुमारें नव्वद पहिल्याच वर्षीं मरत असत, असें त्यांस दिसून आलें. "सर, हा खेळच अन्यायी आहे, वाढूंच देत नाहीं," अशी जे विद्यार्थी तक्रार करतात, त्यांनीं हा आंकडा आपल्या वहींत लिहून ठेवावा. खेळ त्यांच्याशीं बराच दयेनें वागत आहे.

कळपांत राहूं लागतांच खेळाची चव बदलते. या खेळांत निरनिराळ्या हांका आहेत. एक मित्रभावाची, एक धमकीची, एक संकटाची. एकट्या शिकाऱ्यास पहिलीचा उपयोग क्वचितच पडतो. कळपांतल्यास ती पदोपदीं लागते. अनोळखी पिल्लूं झुडपांतून भीत भीत बाहेर येतें, मित्रभावाची हांक देतें, आणि चार मोठे प्राणी कांहीं न बोलतां त्याच्या भोंवतीं उभे राहतात. तें पिल्लूं चालविणारा कोण, कोणत्या देशाचा, कोणत्या जातीचा वा पंथाचा, हें त्यांपैकीं कोणासही ठाऊक नसतें. आठवींतील एका मुलीनें हा प्रकार आम्हांस सांगितला, तेव्हां तिच्या डोळ्यांत जें तेज होतें तें शिकारीची गोष्ट सांगणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत आम्हीं पाहिलें नाहीं. आम्हांस शेजारधर्माचा धडा शिकवावयास वर्ष लागतें.

येथें एका गोष्टीचा खेद वाटतो, तो बोलून टाकतों. टायरॅनोसॉरस, कार्नोटॉरस, डिलोफोसॉरस हीं नांवें ज्यांच्या जिभेवर खेळतात, त्या मुलांना आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांवच्या डायनासोराचें नांव माहीत नाहीं. त्याचें वर्णन सन १९९७ मध्यें प्रसिद्ध झालें, व सन २००३ मध्यें कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून त्यास आयसिसॉरस असें नवें नांव मिळालें. तोही पाला खाणाराच होता. उलट, ऑम्निरॅप्टर म्हणून जो प्राणी आमचीं मुलें मोठ्या अभिमानानें घेतात, तो खेळ करणाऱ्यांनीं रचलेला आहे. त्या नांवाचें एकही हाड जगांतील कोणत्याही संग्रहालयांत नाहीं.

दहावींतील एका विद्यार्थ्यानें आमच्या मतावर आक्षेप घेतला, तो विचार करण्याजोगा आहे. तो म्हणाला, "सर, सगळेच पाला खाऊं लागले तर खेळ कसला? भीतीच उरली नाहीं तर कळप तरी कशाला करावा?" त्याचें म्हणणें तर्कशुद्ध आहे. शिकारी हवेतच. परंतु अरण्यांत एका वाघाच्या पोटामागें हरणांचा केवढा समुदाय लागतो, याचा विचार करावा. या खेळांत नेमकें उलट घडतें. प्रत्येकास वाघ व्हावयाचें असतें, मग हरीण कोणी व्हावें? 'द आइल' करणाऱ्यांना शेवटीं अरण्यांत रानडुकरें व हरणें सोडावीं लागलीं, जीं कोणी माणूस चालवीत नाहीं, संगणकच चालवितो. नाहींतर वाघांनीं वाघांसच खावें अशी पाळी. जो पाला खाणारा प्राणी घेतो तो खेळ बिघडवीत नाहीं. तोच खेळ उभा ठेवतो, आणि शिकाऱ्यासही पोटभर जेवूं घालतो.

आणि ज्यास शिकारीच व्हावयाचें आहे, त्यानें खुशाल व्हावें, पण नियमानें. या खेळांचे जे खाजगी अड्डे खेळाडू स्वतः चालवितात, त्यांपैकीं कित्येकांवर लेखी नियम असतात. एक शिकार पडली असतां, ती संपण्यापूर्वीं दुसरी करूं नये. निरनिराळ्या जातींच्या प्राण्यांनीं मिळून टोळी करूं नये. हीं कलमें कोणा धर्मोपदेशकानें किंवा हेडमास्तरानें लिहिलेलीं नाहींत. वाटेल तें करण्याची मोकळीक मिळाल्यावर, खेळ नासूं लागला असें पाहून, खेळणाऱ्यांनींच तीं लिहिलीं. आम्हांस तर यांत नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतील एक सबंध प्रकरण दिसतें.

आमच्या नववीच्या मुलांनींही नाताळच्या सुटीपूर्वीं अशी एक यादी केली. वर सांगितलेल्या तिघांपैकीं दोघे ती लिहीत होते, तिसरा सांगत होता. रात्रीं साडेनऊनंतर कोणी कोणाची शिकार करूं नये, हें कलम एकमतानें मंजूर झालें. ओळखीच्या मुलाचा प्राणी असल्यास आधीं धमकीची हांक देऊन त्यास पळण्याची संधि द्यावी, हेंही झालें. पिल्लांस मारूं नये, यावर मात्र वाद पडला. पाला खाणाऱ्यांचीं पिल्लें सोडावीं हें सर्वांस पटलें. पण टायरॅनोसॉरसचें पिल्लूं सोडल्यास तें वाढून आपणांसच खाईल, असें कित्येकांचें म्हणणें. आमचें मत विचारलें, तेव्हां पिल्लूं तें पिल्लूं, असें आम्हीं सांगितलें. तें बहुमतानें नामंजूर झालें.