नंदुरबारची पहिली वर्षे कोणत्या लिपीत आहेत?

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. मित्रहो, आजचा धागा या तारखेकडे संगणकाच्या अंगाने पाहणारा आहे.

विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड आले ते विंडोज २००० पासून. तोवर मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पॅकेजांवर चाले. फाइलमध्ये साठत ते रोमन अक्षरांचेच संकेतांक. फाँट त्यांना देवनागरीचा वेश चढवी. तो फाँट नसेल, तर 'शहादा'च्या जागी निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. मोडी न येणाऱ्यापुढे पेशव्यांचे दप्तर उघडावे, तशी गत. मोडी निदान शिकता तरी येते.

हाच काळ सरदार सरोवराचा. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित ठरली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑक्टोबर २००० मधला. त्या वर्षांतील निवेदने, पत्रके, विस्थापितांच्या याद्या कुणाच्या कपाटातील फ्लॉपीवर पडून असतील, तर उद्याच्या संशोधकासाठी ती अस्सल साधने आहेत. ती उघडायची कशी?

येथे 'वाइन' कामी येते. १९९३ पासून विकसित होत असलेला हा मुक्त प्रकल्प विंडोजसाठीचे कार्यक्रम लिनक्सवर चालवतो. त्यासाठी तो संगणकाच्या आत दुसरा नकली संगणक उभारत नाही. 'ही फाइल उघड', 'हे अक्षर रेखाट' अशा कार्यक्रमाच्या मागण्या तो लिनक्सला समजतील अशा करून पोहोचवतो. जुन्या दरबारातील दुभाष्यासारखा. गंमत अशी की नव्वदीतील १६-बिटी कार्यक्रम आजच्या ६४-बिटी विंडोजवर चालत नाहीत, वाइनवर मात्र पुष्कळदा चालतात.

वाइन म्हणजे फुकटात गेम खेळण्याची युक्ती, हा समज मला म्हणूनच खटकतो. माझ्या मते इतिहास विभागांनी मोडीच्या वर्गाशेजारी एक लिनक्सचा संगणकही मांडावा. २००१ मधील ७.० ही पेजमेकरची अखेरची आवृत्ती. तिच्या फाइली वाचू शकणारी यंत्रे दरवर्षी भंगारात जात आहेत.

अडचणी आहेतच. काही पॅकेजांना संगणकाच्या पोर्टला लावायचे कुलूप लागे, आणि त्याचा ड्रायव्हर वाइनमध्ये सहसा चालत नाही. शिवाय युनिकोडमध्ये रूपांतर करताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकतात. गावांची आणि माणसांची नावे तेथेच बिघडतात. तेव्हा रूपांतर झाले तरी मूळ फाइल, तिचा फाँट आणि पॅकेजची सीडी एकत्र ठेवा, आणि प्रत्येक नाव मूळ पानाशी ताडून पाहा.