गाडी का अडली? न फिरवल्यानं!

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? आजीनं घातलेलं हे कोडं आपल्यापैकी बहुतेकींना पाठ असेल. उत्तर एकच, न फिरवल्यानं. मैत्रिणींनो, मला त्यात आणखी एक प्रश्न घालावासा वाटतो. सोसायटीच्या पार्किंगमधली गाडी का अडली?

मी मीरा रोडला राहते. आमच्याकडे आणि पलीकडे भाईंदरला घरोघरी चित्र सारखंच आहे. घरातला पुरुष सकाळी चर्चगेट लोकल पकडतो. मुलं स्कूलबसनं जातात. बाजार, बँक, दवाखाना सगळं रिक्षाच्या टप्प्यात. मग हप्ते भरून घेतलेली मोटार करते काय? स्टिल्टखाली उभी राहते. अंगावर धूळ, टपावर मांजर. ती बाहेर निघणार गणपतीत गावी जायला, नाहीतर कुणाच्या लग्नाला. आणि नेमकं त्याच दिवशी, पहाटे चारला सामान भरून झालं, नारळ फोडून झाला, की किल्ली फिरवल्यावर आवाज येतो, टक् टक् टक्. बस्स. मग वॉचमनला हाक मारा, धक्का मारा!

तुमचं गाव कराड असो की चाळीसगाव, हा ‘टक् टक्’ तुम्हीही ऐकला असणार.

पुष्कळांना वाटतं, गाडी बंद आहे म्हणजे बॅटरी विश्रांती घेते. तसं नसतं. गाडी बंद असली तरी तिचं घड्याळ, लॉकची यंत्रणा, अलार्म, आतला छोटा कॉम्प्युटर थोडी थोडी वीज खातच असतात. गळक्या नळानं टाकी रिकामी व्हावी तसं हे. साधारण 30 मिलिअँपिअरची गळती धरली, तर महिन्याला 20-22 अँपिअर-अवर गेले. लहान पेट्रोल मोटारीची बॅटरी असते साधारण 35 ची! त्यात आपल्याकडचा उकाडा. उष्णतेनं बॅटरी आपली आपणही जास्त वेगानं उतरते. भर म्हणून कुणी डॅशकॅम लावलेला असतो, कुणाचं दार नीट लागलेलं नसतं आणि आतला दिवा रात्रभर जळत राहतो.

आणि उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग कितीही चार्ज करा, पूर्वीचा जोर येत नाही. नीट वापरली तर तीन-चार वर्षं सहज चालणारी बॅटरी दोन वर्षांत भंगारात जाते आणि नवीला चार-पाच हजार मोजावे लागतात. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, तेव्हा आमच्या इमारतीत हेच झालं. गाड्या जागच्या जागी बसल्या आणि लोक बाहेर पडायला लागले तेव्हा बॅटरीवाल्याला उसंत नव्हती.

यावर घराघरात एक ठरलेला उपाय असतो. रविवारी साहेब खाली जातात, पाच मिनिटं गाडी नुसती चालू ठेवतात आणि वर येऊन चहा मागतात. कर्तव्य झालं! पण इंजिन सुरू करताना स्टार्टर एका झटक्यात भरपूर वीज ओढतो. जागेवर घुरघुरणारं इंजिन ती पाच मिनिटांत भरून देत नाही. त्यात एसी चालू असेल तर बघायलाच नको. शिवाय बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवलं की कार्बन मोनॉक्साइड साठतो. तो विषारी असतो आणि त्याला वासही नसतो. तेव्हा नुसतं घुरघुरवणं नको. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर चालली पाहिजे.

आता माझा खरा मुद्दा. ही गाडी चालवायची कुणी?

गेल्या वर्षी आमच्याच इमारतीत रात्री दीड वाजता एका आजींचा श्वास कोंडला. मुलगा कामासाठी परगावी. सून धावत खाली गेली, गाडी सुरू होईना. शेवटी नाक्यावरून रिक्षा मिळाली. आजी वाचल्या, पण मधली वीस मिनिटं त्या घरानं कशी काढली ते मी पाहिलंय. नंतर कळलं ते जास्त बोचलं. सुनेकडे चार वर्षांपासून पक्कं लायसन्स होतं. पण एरवी किल्ली तिच्या हातात कधीच आली नव्हती. का? तर ‘तुला पार्किंगमधून काढता येणार नाही, घासशील.’

म्हणजे जो दिवसभर घरी नसतो त्याच्याकडे किल्ली, आणि जी घरी असते तिचं लायसन्स कपाटात साड्यांखाली. बॅटरी उतरणार नाही तर काय होणार? मी तर म्हणते, लायसन्सचंही तसंच आहे. पडून राहिलं की आपला धीरही उतरत जातो. चार वर्षांनी त्या बाईला स्वतःलाच वाटायला लागतं, नको बाई, मला नाही जमायचं.

गंमत बघा. मोटारी नव्या होत्या तेव्हा पुढं लोखंडी हँडल घालून, ताकद लावून इंजिन फिरवावं लागे. हँडल उलटलं की मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसवला गेला. बटण दाबलं की गाडी सुरू. बायकांना मोटार चालवणं सोपं झालं त्यात या शोधाचा मोठा वाटा आहे. म्हणजे ज्या बॅटरीनं बाईला चाकामागं बसवलं, तीच आज आपल्याकडे बाईला चाकामागं बसू न दिल्यानं मरतेय!

‘पेट्रोल फुकट जातं’ असं कुणी म्हणेल. पंधरा किलोमीटरला लहान गाडी खाणार लिटरभर, म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास. आणि फुकट कशाला जायचं? सकाळी लवकर, मेट्रोच्या खांबांखाली गर्दी व्हायच्या आत, भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागा. बांबूवर वाळणारे बोंबील बघा, ताजी मासळी घेऊन या. बोरिवलीला माहेर असेल तर ऑक्टोबर 2024 पासून दहिसर नाक्यावर मोटारींना टोलही नाही. हात बसला नसेल तर ट्रेनिंग स्कूलमध्ये चार दिवस पुन्हा जा. त्यात कमीपणा कसला?

घरात कुणालाच चालवता येत नसेल, किंवा महिनाभर गावी जायचं असेल, तर बॅटरीची काळी, म्हणजे मायनसची वायर मेकॅनिककडून सोडवून ठेवा. काढताना काळी आधी, जोडताना काळी शेवटी. गाडीच्या पुस्तिकेत त्याबद्दल काही वेगळं दिलंय का, तेवढं आधी बघा. स्कूटीची बॅटरी तर आणखी लहान, ती लवकर उतरते. तिलाही फिरवा.

आणि अडचणीच्या वेळी शेजारच्या गाडीवरून वीज घ्यायची क्रिया प्रत्येकीनं शिकून ठेवावी. दोन्ही गाड्या बंद. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि जवळ ठिणगी पडली तर भडका उडू शकतो. मग आधी चांगली गाडी सुरू करा, नंतर आपली. एकदा मेकॅनिकसमोर स्वतः करून बघा म्हणजे भीती जाते.

त्या सुनेनं आता रविवारची सकाळ स्वतःसाठी ठेवलीय. पहिल्या महिन्यात खांबाला बंपर थोडा घासला. नवऱ्यानं भुवया उंचावल्या. सासूबाईच म्हणाल्या, ‘घासू दे. रात्री दीडला सुरू तर होईल!’

गाडी घरच्या पैशातून आली असेल तर तिची एक किल्ली आपल्या पर्समध्ये असायला काय हरकत आहे? मागून बघा. ‘कशाला?’ असं विचारलं, तर बॅटरीचा हिशेब सांगा. तो घरात सगळ्यांना पटतो.