घाटातून येणारी हाक

कळवण तालुक्यातील नांदुरी गावापासून सप्तशृंगी गडाकडे जाणारी घाटाची वाट सुमारे दहा किलोमीटरांची आहे. एका अंगाला उभा कडा आणि दुसऱ्या अंगाला खोल दरी, अशा स्थितीत ती वळणे घेत वर चढते. चैत्राच्या यात्रेत खानदेशातून पायी आलेले भाविक, बैलासारख्या संथ गतीने चढणाऱ्या एस.टी. गाड्या आणि जीपगाड्या यांनी ही वाट गजबजून जाते. पावसाळ्यात मात्र तिच्यावर धुके उतरते आणि दहा पावलांपुढचेही दिसेनासे होते. १२ जुलै २०२३ रोजी सकाळी याच घाटात एस.टी.ची एक बस दरीत कोसळली. त्या अपघातात एका महिलेचा मृत्यू झाला व अनेक प्रवासी जखमी झाले.

अशा प्रसंगी सर्वांत आधी उभा राहतो तो प्रश्न मोठा साधा असतो. जे घडले ते मदत करू शकणाऱ्या माणसांना कळावे कसे? दरीत पडलेल्या मनुष्याची हाक पुष्कळदा वरच्या रस्त्यापर्यंतही पोचत नाही. रुग्णवाहिका आणि डॉक्टर तर वणी, कळवण किंवा नाशिक येथून यावयाचे असतात. मोटारीत बसविण्याच्या आणि खिशात बाळगण्याच्या बिनतारी यंत्रांची खरी परीक्षा म्हणूनच शहरातील रुंद रस्त्यावर होत नाही. ती अशा घाटात होते. दुकानाच्या काचेमागे ही यंत्रे फार सुंदर दिसतात. परंतु जे यंत्र दरीतून हाक देऊ शकत नाही, त्याची थोरवी मर्यादितच मानली पाहिजे.

या यंत्रांचा जन्मच मुळी संकटातून झाला, हे विसरता येत नाही. १८९५ मध्ये कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य विद्युत्‌लहरी भिंतीपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली, तेव्हा पाहणाऱ्यांना तो चमत्कार वाटला. पुढे मार्कोनी याने या लहरींना संदेशवाहकाचे काम दिले आणि जहाजांवर बिनतारी यंत्रे बसू लागली. १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळले, तेव्हा त्याची हाक ऐकून कार्पेथिया हे जहाज धावून आले व सुमारे सातशे माणसे वाचली. परंतु त्याहून जवळ असलेल्या दुसऱ्या एका जहाजावरील यंत्रचालक त्या वेळी झोपी गेला होता. यंत्र होते, लहरीही पोचत होत्या. ऐकणारा मात्र जागा नव्हता.

जहाजावरून हे यंत्र मोटारीत आले, ते पोलिसांमुळे. १९२८ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी आपल्या गाड्यांत बिनतारी यंत्रे बसविली. या यंत्रांची एक गंमत होती. गाडीतील शिपायास मुख्य ठाण्याचा आदेश ऐकू येई. पण त्याला उत्तर देता येत नसे! ‘आदेश मिळाला’ एवढे कळविण्यासाठीही त्याला गाडी थांबवून जवळचा दूरध्वनी शोधावा लागे. गाडीतूनच बोलता येईल अशी दुहेरी व्यवस्था न्यू जर्सी राज्यातील बेयॉन गावी १९३३ मध्ये झाली. ऐकणे आणि बोलणे यांतले हे अंतर तोडायला पाच वर्षे लागली. आज ही गोष्ट हसण्याजोगी वाटते खरी. पण आजच्याही कित्येक यंत्रांना हाच दोष थोड्या वेगळ्या रूपाने जडलेला आहे, हे पुढे दिसून येईल.

बिनतारी यंत्रांच्या इतिहासात मोठमोठ्या कंपन्यांची आणि प्रयोगशाळांची नावे वारंवार येतात. ऑस्ट्रेलियातील आल्फ्रेड ट्रेगर याचे नाव त्या मानाने क्वचितच ऐकू येते. वस्तुतः कळवणसारख्या डोंगराळ मुलखातील मुलांनी ते अगोदर जाणून घ्यावे, इतके ते मोलाचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात शेकडो मैलांवर एखादेच घर असे. तेथे कोणी आजारी पडला, घोड्यावरून पडून कोणाचा पाय मोडला, तर डॉक्टरास निरोप पोचेपर्यंतच आठवडे उलटत. जॉन फ्लिन नावाच्या धर्मोपदेशकाने १९२८ मध्ये विमानाने जाणाऱ्या डॉक्टराची योजना सुरू केली. विमान मिळाले, डॉक्टर मिळाला. पण त्याला बोलवावयाचे कसे? त्या घरांत तारायंत्र नव्हते, दूरध्वनी नव्हता, वीजही नव्हती.

ट्रेगर याने बिनतारी यंत्राला सायकलसारखे पायटे जोडले. बाईने वा मुलाने खुर्चीवर बसून पायटे मारावेत, त्यातून वीज निर्माण व्हावी आणि त्या विजेवर संदेश जावा, अशी ती युक्ती होती. १९२९ पासून ही यंत्रे घरोघर बसू लागली. मग नवी अडचण पुढे आली. संदेश मॉर्सच्या ‘कड-कट्ट’ संकेतांत पाठवावा लागे आणि घाबरलेल्या आईला ते संकेत आठवत नसत. तेव्हा ट्रेगर याने यंत्राला टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसविल्या. अक्षराची कळ दाबली की त्याचा संकेत आपोआप उमटे. पुढे १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथून याच बिनतारी मार्गाने दूरदूरच्या एकाकी घरांतील मुलांची शाळा भरू लागली. ज्यांची संख्या थोडी, ज्यांच्याकडून पैसा फारसा मिळावयाचा नाही, अशा माणसांची अडचण मनात धरून केलेला हा शोध आहे. शोधाची प्रतिष्ठा त्याच्या चकाकीवरून ठरविणाऱ्यांनी या पायट्यांकडे एकवार अवश्य पाहावे.

शहरांत मात्र निराळीच चढाओढ चालली होती. १९४६ मध्ये अमेरिकेत सेंट लुइस येथे मोटारीतील दूरध्वनी सुरू झाला. त्याचे वजन सुमारे छत्तीस किलो भरे आणि साऱ्या शहरात एका वेळी मोजक्याच लोकांना बोलता येई. कारण लहरींचे मार्ग थोडे होते. पुढच्याच वर्षी बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग याने एक कल्पना मांडली. एकच उंच आणि बलवान केंद्र उभारण्याऐवजी मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे मुलखाचे लहानलहान भाग करावेत आणि प्रत्येक भागात मंद आवाजाचे एक केंद्र ठेवावे. कळवणच्या शाळेची घंटा आणि देवळ्याच्या शाळेची घंटा एकाच सुराची असली, तरी दोन्हीकडच्या मुलांचा घोटाळा होत नाही; कारण एकीचा नाद दुसरीपर्यंत पोचतच नाही. तोच न्याय येथे लावला, म्हणजे एकच लहर दूरदूरच्या अनेक भागांत पुन्हा पुन्हा वापरता येते. १९७९ मध्ये टोकियो शहरात ही रचना प्रथम व्यवहारात आली, तीही मोटारींसाठीच. दरम्यान ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर याने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातील दूरध्वनीवरून पहिले संभाषण केले होते. त्या यंत्राचे वजन किलोहून थोडे अधिक होते. भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले. त्या काळी बोलणाऱ्याप्रमाणे ऐकणाऱ्यालाही पैसे पडत. आज कळवणच्या बाजारात कांदा घेऊन निघालेला शेतकरी वाटेतच भाव विचारतो, यात कोणालाही नवल वाटत नाही.

नवल वाटावयाचे ते निराळ्याच गोष्टीचे. बोस यांच्या लहरी भिंतीतून पार गेल्या. पण डोंगर म्हणजे भिंत नव्हे. मोबाइलच्या लहरी बहुतांशी प्रकाशाप्रमाणे सरळ जातात आणि कड्याच्या आड त्यांची सावली पडते. सह्याद्रीच्या रांगांत, गिरणेच्या उगमाकडील पाड्यांवर किंवा घाटाच्या एखाद्या वळणावर मनुष्य या सावलीत सापडला, की हातातील महागडे यंत्र मुके होते.

भारत सरकारच्या नियमानुसार १ जानेवारी २०१९ पासून प्रवासी वाहतुकीच्या नव्या बसगाड्यांत आणि टॅक्सींत गाडीचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि संकटकाळी दाबावयाचे बटण असणे आवश्यक झाले. नियम उत्तम आहे. परंतु या यंत्राविषयी एक मोठा गैरसमज आढळतो. उपग्रहाकडून ठावठिकाणा कळतो, तेव्हा उपग्रहालाही गाडी कोठे आहे ते कळत असणार, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ते उपग्रह केवळ आपली वेळ आणि जागा पुकारत असतात; तो पुकारा ऐकून गाडीतील यंत्र आपले ठिकाण स्वतःच गणिताने काढते. ते ठिकाण दुसऱ्याला कळवावयाचे, तर त्याला मोबाइलच्या मनोऱ्याचाच आधार घ्यावा लागतो. मनोरा आड गेला, तर यंत्र आपली नोंद स्वतःजवळ साठवून ठेवते आणि पुढे संपर्क आल्यावर पाठवते. चालत्या गाडीला हे पुरेसे आहे. दरीत थांबलेल्या गाडीला नाही. आपण कोठे आहोत हे त्या यंत्राला पक्के ठाऊक असते आणि ते सांगता मात्र येत नाही! डेट्रॉइटच्या शिपायाची अडचण ती हीच.

यावर उपायच नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. खोल समुद्रात मनोरे नसतात, तरीही कोळी बांधवांसाठी मार्ग काढण्यात आलाच. इस्रो या संस्थेने तयार केलेले संकटसूचक यंत्र उपग्रहाच्या द्वारे किनाऱ्यावर हाक पोचविते. आरंभीच्या यंत्रातून हाक जाई, पण ती कोणी ऐकली की नाही हे नावेतील मनुष्याला कळत नसे. वादळात सापडलेल्याला ते न कळणे किती जड जात असेल! २०२४ च्या जानेवारीत आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्राने ही उणीव भरून काढली. ‘हाक पोचली, मदत येत आहे’ असे उत्तर आता नावेपर्यंत येते. त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी आपल्याच राज्यातील पालघर येथे एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. पालघरच्या नावेला जे मिळू शकते, ते नांदुरीच्या घाटातून जाणाऱ्या बसला का मिळू नये, हा प्रश्न कोणाही सुजाण मनुष्याला पडल्यावाचून राहणार नाही. डोंगर हाही एका परीने समुद्रच आहे.

खर्चाचा आक्षेप येथे हमखास निघतो. चार पाड्यांसाठी मनोरा उभारला, तर त्याचा खर्च निघणार कसा, असे विचारले जाते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न चुकीचा नाही आणि त्याला दोष देण्याचेही कारण नाही. म्हणूनच असे काम केवळ व्यापारावर सोपवून चालत नाही. १९२९ मधील ऑस्ट्रेलियातील घरे मोजली असती, तर ट्रेगरचे पायटे कधी फिरलेच नसते. भारत सरकारने २७ जुलै २०२२ रोजी संपर्कावाचून राहिलेल्या २४,६८० गावांपर्यंत मोबाइलची फोर-जी सेवा नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती याच जाणिवेतून. मात्र अशा योजना गावांची गणना करतात. रस्ता हे काही गाव नव्हे. त्यामुळे दोन गावांमधील निर्जन वळण कोणाच्याच यादीत येत नाही, आणि मनुष्य संकटात सापडतो तो पुष्कळदा नेमका तेथेच.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. मदतीची हाक देणारे हेच यंत्र चालकाच्या हाती गेले, की संकटाचे कारण बनते. गाडी चालविताना हातात मोबाइल धरणे हा २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा असून पहिल्याच वेळी एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा तुरुंगवासही होऊ शकतो. कित्येक चालक मग कानात यंत्र अडकवून बोलतात आणि हात मोकळे आहेत, असे समाधान मानतात. हात मोकळे असतील. मन गुंतलेलेच असते. घाटाच्या वळणावर मन आधी लागते. आपला मुलगा किंवा बाप घाट चढत आहे हे ठाऊक असूनही घरून ‘कोठवर आलात?’ म्हणून पुन्हा पुन्हा विचारणारी मंडळी या दोषात वाटेकरी आहेत, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. उत्तम यंत्र ते, जे चालकाकडे काहीच मागत नाही. युरोपात २०१८ पासून नव्या धर्तीच्या मोटारींत अशी योजना सक्तीची झाली आहे, की गाडीला जबर धक्का बसताच ती स्वतःच ११२ या क्रमांकावर हाक देते आणि आपले ठिकाण कळविते. बटण दाबण्याइतके भान कोणाला उरलेले नसले, तरीही हाक जातेच.

राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. म्हणजे ऐकणारे कान आहेत आणि धावणारी चाके आहेत. मधला दुवा किती भक्कम आहे, हे पाहण्यासाठी मोठ्या समितीचीही गरज नाही. एखाद्या पावसाळी सकाळी धुके असतानाच एक एस.टी. बस नांदुरीहून गडाकडे न्यावी, प्रत्येक वळणावर ती थांबवावी, आतले संकटाचे बटण दाबावे, आणि कोणत्या वळणावर उत्तर आले व कोणत्या वळणावर आले नाही, ते वहीत मांडून ठेवावे. हे काम एका दिवसाचे आहे.