उत्तर माहीत नसलेला प्रोजेक्ट

शाळेत सूर्यमालेचा प्रोजेक्ट कुणी केला नाही? थर्माकोलचे गोळे, रंगाच्या डब्या, शनीच्या कड्याला जुनी सीडी. आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये 'निष्कर्ष' तर प्रयोगाच्या आधीच लिहून तयार, कारण उत्तर पुस्तकात छापलेलंच असतं. याला आपण विज्ञानाचं प्रात्यक्षिक म्हणतो!

अमेरिकेत कॅल्टेकमधून चालवला गेलेला नासाचा 'नायटार्प' हा उपक्रम नेमकं इथेच बोट ठेवतो. त्यात शाळेतल्या शिक्षकांचा छोटा गट एका व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञासोबत वर्षभर खरंखुरं संशोधन करतो. सुरुवात जानेवारीत, अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या अधिवेशनात. मग संशोधनाचा प्रस्ताव लिहायचा, तो तपासला जातो. उन्हाळ्यात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन काही दिवस कॅल्टेकमध्ये काम करायचं. आणि पुढच्या जानेवारीत त्याच अधिवेशनात शास्त्रज्ञांच्या गर्दीत स्वतःचं पोस्टर घेऊन उभं राहायचं. समोरून प्रश्न विचारणारा माणूस त्याच विषयात पीएचडी असू शकतो. तिथे 'सर, हे पोर्शनमध्ये नव्हतं' चालत नाही.

काम कसलं? दुर्बिणीला डोळा लावून बसायचं नाही. स्पिट्झर, वाइज अशा अवकाश दुर्बिणींनी गोळा केलेल्या अवरक्त निरीक्षणांचा प्रचंड साठा सगळ्या जगाला खुला आहे. बरेच गट त्यातून नव्याने जन्मलेले तारे शोधतात. तरुण ताऱ्याभोवती धुळीची तबकडी असते. ती तापते, आणि मग तारा अवरक्त प्रकाशात अपेक्षेपेक्षा जास्त तेजस्वी दिसतो. ऐकायला सोपं. पण लांबची एखादी दीर्घिकाही अगदी तसाच रंग दाखवून फसवते. म्हणून एकेक उमेदवार घ्यायचा, वेगवेगळ्या तरंगलांबींच्या प्रतिमा उघडायच्या, आलेख काढायचे, भांडायचं, आणि ठरवायचं की याला यादीत ठेवायचं की काढायचं. कधी कधी 'सांगता येत नाही' हेच प्रामाणिक उत्तर असतं. आपल्या कुठल्या जर्नलमध्ये या उत्तराला मार्क मिळतात?

मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती म्हणजे निवड शिक्षकाची होते. मुलं दोन-तीन वर्षांत शाळा सोडून जातात, शिक्षक तिथेच राहतो. ज्या बाईंनी स्वतः वर्षभर चुकीच्या उमेदवारांशी झटापट केली, त्या नंतरच्या प्रत्येक बॅचला विज्ञान वेगळ्याच पद्धतीने शिकवणार.

आपल्याकडे साधनं नाहीत, असं म्हणायची सोय नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. पुण्याची आयुका शाळकरी मुलांसाठी वर्षानुवर्षं व्याख्यानं घेते, उन्हाळी सुट्टीत शास्त्रज्ञांबरोबर काम करायची संधी देते. 'रॅड ॲट होम' या गटाने २०१३ पासून जीएमआरटीच्या निरीक्षणांवर विद्यार्थ्यांना कामाला लावलंय. २०२२ मध्ये त्यांनी एका दीर्घिकेच्या कृष्णविवरातून निघालेला झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळताना दाखवला, आणि तो शोध ब्रिटनच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या प्रतिमांमध्ये लघुग्रह शोधण्याच्या मोहिमांतही भारतातल्या शाळा उतरतात. (बातम्यांमध्ये मात्र प्राथमिक नोंद झाली की लगेच 'विद्यार्थ्याने शोधला लघुग्रह'! खरं तर नोंद पक्की व्हायला कित्येक वर्षं लागतात. ही वाट बघणं हाच तर संशोधनाचा भाग, तोच आपण मथळ्यातून गाळतो.)

पण यात बहुतेक वेळा हौशी विद्यार्थी एकटा पुढे येतो. शिक्षक कुठे असतो? मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यात. नायटार्पसारख्या कामाला लागतं काय, तर इंटरनेट, कॉम्प्युटर आणि वेळ. पहिल्या दोन गोष्टी आता बऱ्याच शाळांत आहेत. तिसरी सरकारने द्यायची आहे. निदान प्रत्येक जिल्ह्यातल्या एका विज्ञान शिक्षकाला एक वर्ष या कामांतून मोकळं करा, एखाद्या शास्त्रज्ञाशी जोडून द्या, सोबत चार मुलं असू देत. राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं, राज्यभरातून शाळा येतात. त्या मांडवात मॉडेलच्या रांगेत या शिक्षकांच्या पोस्टरला एक टेबल मिळायला काय हरकत आहे?