खुकरी आणि आपलं कॅप्टनप्रेम

९ डिसेंबर आला की एकच गोष्ट फिरायला लागते. बुडत्या जहाजावर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला शांतपणे थांबले आणि जहाजाबरोबरच गेले. आपण हळहळतो, चार जणांना पाठवतो, संपलं.

मुल्लांच्या धैर्याबद्दल वादच नाही. मरणोत्तर महावीरचक्र उगाच मिळत नाही. माझं भांडण आहे ते या गोष्टीतून जे सोयीस्करपणे गाळलं जातं त्याच्याशी.

आयएनएस खुकरी ही ब्रिटिश बनावटीची छोटी फ्रिगेट, १९५८ साली नौदलात आलेली. तिचं कामच मुळी पाणबुड्या शोधून मारायचं. १९७१ मध्ये दीवच्या समुद्रात तिच्यासमोर कोण होती? पाकिस्तानची हंगोर. फ्रेंच बनावटीची, जवळजवळ नवीकोरी पाणबुडी. खुकरीच्या जुन्या सोनारला हंगोर ऐकू येण्याच्या कितीतरी आधी हंगोरला खुकरी ऐकू येत होती. म्हणजे शिकारी कोण आणि सावज कोण ते आधीच ठरलेलं!

त्यात खुकरीच्या सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी एक नवी जोडणी बसवून तिची चाचणी चालू होती. त्यासाठी जहाज हळू चालवायचं. पाणबुडी आसपास आहे हे माहीत असलेल्या पाण्यात, हळू! मंडळी, ओळखीचं वाटतंय ना? लाइव्ह सर्व्हरवर टेस्टिंग. फक्त आपला सर्व्हर पडला तर क्लायंट खरमरीत मेल टाकतो, इथे १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. काही मिनिटांत.

हे मी शोधून काढलेलं नाही हो. व्हाइस अ‍ॅडमिरल हिरानंदानींनी नौदलाच्या अधिकृत इतिहासातच सोनारचं हे सगळं लिहिलंय. नौदल स्वतः लिहितं, आणि आपण मात्र विषय काढला की "सैन्यावर शंका घेतोस?" म्हणून अंगावर येतो. कमाल आहे.

"युद्धात हाताशी असेल त्यानेच लढावं लागतं." मान्य. पण मग हाताशी तेवढंच का होतं, हा प्रश्न दिल्लीला विचारायचा की नाही? कॅप्टनच्या गोष्टीत तो प्रश्न येतच नाही, कारण रडू आलं की हिशोब कोण मागतो!

त्याच नावाची दुसरी खुकरी २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि २०२२ मध्ये दीवला दिली गेली. तिकडे सुट्टीला जालच. फोटो काढून झाले की सोनारचंही विचारा.